रेघ त्यांच्याकडे, भरणी आमच्याकडे

मी, अंबाबाई, कै. गुंडुराव हंचाटे यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, महिला महाविद्यालयातील साहित्याची निवृत्त प्राध्यापिका, राहणार म्हैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणाच्या धाकाने नाही आणि कोणाच्या आर्जवानेही नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि माझ्या नातेवाइकांची खरी अडचण तीच आहे. मोतीबिंदू काढून घेतल्यापासून मला माणसे अधिकच स्पष्ट दिसू लागली आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मजकूर मराठीत आहे, कारण इतक्या पिढ्या म्हैसुरात काढूनही आमच्या घरात अपमान मराठीतच होतात. नोंदणीसाठी वकील जयतीर्थ यांनी त्याचे कन्नड भाषांतर करून घ्यावे. विशेषणे गाळू नयेत.

कलम १. राहत्या घरातला माझ्या मालकीचा अर्धा भाग माझा एकुलता मुलगा सुदीप याला मिळावा. दर दसऱ्याला तो बेंगळूरहून येतो आणि "अम्मा, आता तू आमच्याकडेच यायचं" असे माझ्याकडे न बघता भिंतींकडे बघत म्हणतो. त्याचे लक्ष जिथे होते तेच त्याला देत आहे.

कलम २. येलवाल येथील भूखंड माझी सून सुमा हिला, तिच्या एकटीच्या नावे द्यावा. सुदीपला बायकोला विचारूनच पाऊल उचलायची सवय आहे. आता ते कागदोपत्री होईल.

कलम ३. माझ्या सर्व रेशमी साड्या थोरल्या जाऊबाई सुमित्राबाई यांना द्याव्यात. मी जी साडी घेतली तीच त्यांनी महिन्याभरात, एक छटा गडद, घेतली. आता माझ्याच त्यांना मिळतील. पुढची साडी कोणाची बघून घ्यायची, हा त्यांच्यापुढे प्रश्न राहील. त्याला मी जबाबदार नाही.

कलम ४. माझी पुस्तके माझी विद्यार्थिनी श्रीविद्या हिला. घरातल्या कोणी ती मागितलेली नाहीत, त्यामुळे वाद होणार नाही. या पुस्तकांच्या आधाराने मी वर्षानुवर्षे मुलींना एकच प्रश्न घातला: खलपुरुष असा का वागतो? मुली सत्ता, मत्सर, सूड असे तीन शब्द लिहीत आणि मी गुण देऊन टाकी. वर्गात हे शब्द मोठे भारदस्त वाटत. पुस्तकातल्या माणसाला भावाचा घात करायला निदान एखादे राज्य लागते. आमच्या घरी एका नारळावर भागले. ते कसे, हे पुढच्या कलमात येईल.

कलम ५. माझ्या ताब्यातील लाकडी ठसे. माझ्या सासऱ्यांचा कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा धंदा होता. त्यांचे ठसे जोडीने असत. रेघेचा ठसा नक्षीची कड उमटवी आणि भरणीचा ठसा आतला रंग भरी. आयुधपूजेला सगळे ठसे धुऊन, हळदकुंकू वाहून मांडायचे, घरातल्या मोठ्याने नारळ फोडायचा आणि कोऱ्या कापडावर पहिला ठसा मारायचा, अशी रीत होती. एका वर्षी सासऱ्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी थोरल्या मुलाला, भुजंगरावांना, बाजूला ठेवून माझ्या पतींच्या हाती नारळ आणि ठसा दिला. म्हणाले, "गुंडू, तू मार. तुझा हात हलत नाही."

एवढेच झाले होते. त्या दिवशी भुजंगराव जेवले नाहीत. मी नवी सून होते, मला वाटले पोट बिघडले असेल.

सासरे गेले आणि वाटणी झाली. पंचांनी थोरल्याला आधी निवडायचा मान दिला. भावोजींनी प्रत्येक जोडी मोडली. रेघेचे सगळे ठसे त्यांनी उचलले, भरणीचे सगळे आमच्यासाठी ठेवले. पंचांतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अय्यो भुजंगा, नुसत्या रेघा नेऊन तू तरी काय करणार?"

"मला काय करायचंय?" भावोजी म्हणाले. "त्याला करता येऊ नये. तेवढं साकु."

तेवढे खरोखरच पुरेसे झाले. दोन्ही घरांचा धंदा बसला. भावोजींनी दुकान काढून गिरणीचे छापील कापड विकले आणि आयुष्यभर त्याला नावे ठेवली. माझे पती मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात लागले. रोज संध्याकाळी परत येऊन चहा पीत ते म्हणत, "माझ्या भावाने माझे हात तोडले." न्हाव्याला सांगत, बसच्या वाहकाला सांगत, माझ्या सहकारी प्राध्यापिका घरी आल्या तर त्यांनाही सांगत. मध्यंतरी भावोजींनी माणूस पाठवून भरणीचे ठसे विकत मागितले होते. माझ्या पतींनी त्या माणसाला पाणीसुद्धा विचारले नाही. त्यानंतर आठवडाभर ते इतके खुशीत होते की मला वाटले पगार वाढला.

शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बोलावले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माझ्याबद्दल काही बोलतील अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "ठसे त्या घरात जाता कामा नयेत. बंबात घाल, पण देऊ नको."

मी बंबात घातले नाहीत. सुदीपला ते चौकटीत बसवून बेंगळूरच्या घरात भिंतीवर टांगायचे होते. तेही मी होऊ दिले नाही. यंदा आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी भावोजींची नात भव्या माझ्या दारात आली. कापडावरच्या नक्षीकामाचे शिक्षण तिने घेतले आहे, आणि दोन्ही घरांत मिळून छापायची इच्छा असलेले हे एकच माणूस शिल्लक आहे.

"अज्जी, मला आपल्या घरचे ठसे छापायचेत," ती म्हणाली. "ताता, म्हणजे आजोबा, म्हणतात, आधी तिकडचे आणून दाखव, मत्ते, मग बघू. तुम्ही देता का? नाही म्हटलंत तरी मला राग नाही यायचा."

मी पतींचे शेवटचे शब्द आठवले आणि ठशांच्या पेटीची किल्ली तिला दिली.

त्याच संध्याकाळी भावोजींनी रेघेच्या ठशांच्या कपाटाला नवे कुलूप आणले. नातीला म्हणाले, "तिकडचे यायचेच होते. इकडचे माझ्या मनात येईल तेव्हा." ब्याऐंशी वर्षांच्या या माणसाला आता घरात मीठमिरचीसुद्धा कोणी विचारून आणत नाही. उरलेली सगळी सत्ता त्या कुलपात आहे आणि ती त्यांनी स्वतःच्या नातीवर चालवली. वर्गात मी अशा पात्राला कथेत नीट उभे न राहिलेले पात्र म्हटले असते.

भव्या रडली नाही. आठवड्याने एक कापड घेऊन आली. "रेघ नाही तर नाही अज्जी. बिडी, जाऊ दे ते," ती म्हणाली. "सुम्ने नुसती भरणीच मारून बघितली."

पाने होती, कैऱ्या होत्या आणि कशालाच कड नव्हती. एक रंग दुसऱ्याच्या अंगावर जरासा चढला होता. कापड सुरेख दिसत होते. बेंगळूरच्या एका दुकानाने आणखी मागवले आहे. काल भावोजींनी सुमित्राबाईंकरवी निरोप पाठवला की रेघ हवी असल्यास विचार करता येईल. भव्याने त्यांना नको म्हणून कळवले आहे.

सबब भरणीचे सर्व ठसे मी भव्याला आजच, हयातीतच, कायमचे दिले आहेत. सुदीपने पुढे हक्क सांगू नये, एवढ्यासाठीच त्यांचा येथे उल्लेख केला.

कलम ६. माझे थोरले दीर भुजंगराव यांना त्या कापडाचा एक वार द्यावा. आपल्यावाचून काय अडले, ते त्यांनी त्यात चष्मा लावून शोधावे.

कलम ७. माझे दहन साधेपणाने करावे. अस्थी टी. नरसीपूरच्या संगमात सोडाव्यात. तेथे कोणीही माझ्याविषयी भाषण करू नये. भावोजींना खांदा द्यावासा वाटल्यास त्यांना खुर्ची द्यावी.

कलम ८. त्या कापडाचा आणखी एक तुकडा माझ्याकडे आहे. तो कोणाला द्यायचा हे ठरवताना मी तीन दिवस अडले, कारण तो बघताना मला भावोजींचा राग येत नाही, माझ्या पतींचा येतो. हेच ठसे इतकी वर्षे त्यांच्या पेटीत होते. रंग बाजारात मिळत होता. हात न हलणारा होता. नुसती भरणी मारून बघावी, हे एका पोरीला आठवड्यात सुचले, आणि माझे पती तिच्याहून मंद नव्हते. त्यांनाही सुचले असणार. पण एकदा छापले असते, की भावाने हात तोडले हे संध्याकाळी चहा पिताना सांगता आले नसते. त्यांनी धंदा सोडला, पण गाऱ्हाणे सोडले नाही. त्या माणसावर माझा जीव होता, हेही लिहून ठेवते, कारण दुसरे कोणी लिहिणार नाही. आमच्या दोघांच्या पगारावर घर चालते आहे अशी माझी समजूत होती. चालत होता तो त्यांचा सूड.

मेलेल्या माणसाच्या नावे काही ठेवता येत नाही, असे जयतीर्थ सांगतात. बरे झाले. नाहीतर हा तुकडा मला त्यांच्याच हातात द्यावा लागला असता.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. दोन्ही साक्षीदारांसमक्ष, त्यांना चहा देऊन आणि त्यांच्याकडून कौतुक न ऐकता, सही करत आहे.

(सही) अंबाबाई गुंडुराव हंचाटे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. गुरुराज, माझे वैद्य. माझे डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे.
२. (सही) रक्षित, शेजारी. दोन्ही घरांशी बोलणारा गल्लीतला एकमेव माणूस.

स्थळ: म्हैसूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५