मेण लावलेला डबा

आई, आज दुपारी ओट्यावर चार बरण्या उपड्या केल्या आणि चारही उकिरड्यावर नेऊन टाकल्या. हरभऱ्याचा पाला होता. पौषात मी स्वतः खुडला होता, तू खुडायचीस तसाच, सकाळी पानांवरचं आंबट दव, ती आंब, ओली असताना, फक्त शेंडे. धुतला नाही, कारण धुतला की आंबटपणा जातो असं तू सांगितलेलं. सावलीत तुझ्या जुन्या पातळावर पसरला, रोज खालवर केला, चुरल्यावर कुरकुर आवाज येईल इतका वाळवला. सहा बरण्या भरल्या. आता भाद्रपद चालू आहे आणि चार बरण्यांत पांढरी जाळी निघाली. पाचवीतल्या पाल्याचा रंग मला पटत नाही. सहावी तेवढी राहिली आहे. आणि आबा दहा दिवस पेजेच्या दोन-चार चमच्यांवर आहेत.

त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, पण जेवण बंद झालं ते झालंच. काही दिलं तरी तोंड फिरवतात. परवा बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारपर्यंत तोंडाने नीट खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आबांनी ते ऐकलं. रिक्षा आपल्या कन्हेरीच्या रस्त्याला लागली तेव्हा म्हणाले, "नळी नगं. हरभऱ्याची भाजी दे. तिच्या हातची." मी म्हणालो, "आबा, आता हिरवा हरभरा कुठनं आणू?" तर माझ्याकडे असं पाहिलं, जसा मीच खुळा. "रानात कशाला जातूस? डब्यात आसंल की. तिच्या डब्यात कायम आसायची." आज शनिवार आहे.

तुझे डबे मला सगळे आठवतात. गवार, मेथी, कैरीच्या फोडी, हरभऱ्याचा पाला. तू द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होतीस तेव्हाची गोष्ट. मार्च महिना, बाहेर अंग भाजतंय आणि तू स्वेटर घालून घरी येतेस. गल्लीतली पोरं हसतात. तिथे थंड खोलीत द्राक्षं आधी गार करतात आणि मगच पेटीत भरतात, हे तू मला चुलीपुढे बसून सांगितलंस. "गरम माल पेटीत घातला की आतल्या आत घाम सुटतो त्येला. मग सडतंय." त्या वर्षापासून आपल्या घरात वाळवण उन्हातून उचलून थेट डब्यात गेलं नाही. संध्याकाळी शहाबादी फरशीवर पसरायचं, रात्रभर गार होऊ द्यायचं, सकाळी उन्हं यायच्या आत भरायचं. इंदापूरला तुझ्या माहेरी असं कुणी करत नव्हतं. आजी म्हणायची, पोरगी पाल्यालासुद्धा द्राक्षावाणी वागवती.

मग भरलेला डबा तू आठवडाभर तीनदा उघडायचीस. हात घालून खालचा पाला वर आणायचीस, झाकणाला आतून बोट फिरवून ओल लागते का बघायचीस. तिसऱ्यांदा बोट कोरडं निघालं की झाकण दाबून बसवायचं आणि मेणबत्ती वाकडी धरून कडेने मेण ओतायचं. ते झालं की मला हाक मारायचीस. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून लेबल माझं काम. त्यासाठी पहिल्या पगारात तू मला काळा मार्कर आणलास. तो मी वर्गात कुणाला हात लावू दिला नाही. शाळा माझी नववीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आत सगळं नीट आहे का, या काळजीने मी एकदा मेण खरवडून डबा उघडला. तू मागून आलीस आणि हातावर पळी मारलीस. मारलंस त्याचं काही नाही, पण तू जे बोललीस ते अजून कानात आहे. "नीट हाय म्हणूनच बंद केलाय न्हवं? बघून बघूनच खराब करशील एक दिस."

आई, मी तेच केलं. पाला तुझ्यासारखाच गार करून भरला, तीनदा तपासला, बोट कोरडं निघालं. मग थांबायला हवं होतं. मला थांबता आलं नाही. एक वही केली. बरणीचा नंबर, तारीख, वास, रंग, आणि पुढे शेरा. पानंच्या पानं शेरा एकच आहे, 'ठीक'. पावसाळा लागला, भिंतींना ओल आली, तशी माझी काळजी वाढली आणि मी आठवड्याऐवजी रोज उघडायला लागलो. दर वेळी दमट हवा आत जात होती आणि मी सुवाच्य अक्षरात 'ठीक' लिहीत होतो. शेजारची काकी, आबांची चुलतभावजय, तुझी बोलकी जाऊ, दारातून जाता-येता म्हणायची, "आरं, बरणी हाय का देवळातली घंटा? आला की वाजीव, गेला की वाजीव!" मी तिच्यावर चिडायचो. आज चार बरण्या टाकताना ती उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या तेराव्यानंतर काकीने तुझे सगळे डबे रिकामे करून घासले. एक तिला सापडला नाही. तो मी आधीच माळ्यावर गोधड्यांच्या मागे सारला होता. त्याचं मेण तू ओतलेलं आहे आणि लेबल मी लिहिलेलं, 'हरभऱ्याचा पाला'. बारा वर्षं झाली. आबांनाही माहीत नाही. ज्या माणसाला स्वतःच्या बरणीला एक दिवस हात न लावता राहवत नाही, त्याने तो डबा एकदाही उघडला नाही. आतला पाला बिघडलेला निघाला तर तुझंही चुकत होतं असं होईल. आणि चांगला निघाला तर तो शिजेल, खाल्ला जाईल आणि संपेल. मला दोन्ही नको आहे.

दुपारी तो डबा खाली काढला. सुरी घेतली. पलीकडच्या खोलीतून आबांचं कण्हणं ऐकू येत होतं. मी स्वतःला सांगत होतो, माणूस मोठा का डबा मोठा? सुरीचं टोक मेणावर ठेवलं, तेवढ्याने एक बारीक कपचा उडाला. मग माझा हात पुढे गेला नाही. मी सुरी खाली ठेवली आणि सहावी बरणी उघडली. वास घेतला. काकीला बोलावून तिलाही दिला. ती म्हणाली, "चांगली हाय. घाल आता चुलीवर, का पंचनामा करतूस?" पाला चुरला, डाळीत शिजवला, घोटून पातळ केला, वर लसणाची फोडणी घातली.

आबांना उशीला टेकवून बसवलं. पहिला घास त्यांनी तोंडात किती तरी वेळ धरला. मला वाटलं, आता थुंकणार. मग गिळला. "तिची हाय?" मी म्हणालो, "व्हय." दुसरा घास घेतला, तिसरा. पाचव्याला थांबले. "मीठ कमी हाय. तिचा हात मिठाला सढळ हुता," असं म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. त्यांनी वाटी परत केली नाही, उशीजवळ ठेवून घेतली.

पाच घास पुरतील का, मला माहीत नाही. सोमवार परवा आहे. सहाव्या बरणीत अजून दोन वेळचा पाला आहे, फार तर तीन. तो संपला आणि त्यांनी पुन्हा मागितली तर मला मेण फोडावंच लागेल. नाही फोडलं आणि नळी लागली, तर तो डबा मी कुणासाठी ठेवला? तू असतीस तर पळी घेऊन आली असतीस, पण या वेळी कशासाठी मारलं असतंस, उघडायला निघालो म्हणून की उघडला नाही म्हणून, तेही मला कळत नाही.

हा कागद तुझ्या डब्यात ठेवावा, असं लिहायला बसताना मनात होतं. पण त्यासाठीही झाकण काढावं लागेल, म्हणून घडी घालून वहीतच ठेवतो. आणि एक सांगायचं राहिलं. हे लिहिता लिहिता मी उठून सहावी बरणी दोनदा उघडून पाहिली.