धूरमुक्त बंदर आणि मागच्या खोलीतला खोकला

२ जानेवारी
आजपासून मी बंदराचा हरित अधिकारी. केबिनला हिरवी पाटी लागली. दुपारपर्यंत काळी पडली, पुसून घेतली.
संकल्प : वर्षभरात बंदर धूरमुक्त. धक्क्याला लागलेलं जहाज विजेसाठी स्वतःचं इंजिन चालू ठेवतं आणि दिवसभर धूर ओकतं. त्याला किनाऱ्यावरून वायर द्यायची, इंजिन बंद. संपला विषय! इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही?
घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, की आधी मागच्या खोलीची खिडकी नीट लावून द्या, काजळी येते. हिला दूरदृष्टी कमीच.

५ जानेवारी, दुपारी
जेवायला घरी आलो तर बाबा पुन्हा खोकले. मागच्या खोलीतून. तीनदा, मग घसा खाकरून एकदा.
मी विज्ञान मानणारा माणूस, भुतंबितं मानत नाही. पण बाबांचा खोकला मी ओळखतो. जन्मभर कोळशाच्या धक्क्यावर राबले आणि याच क्वार्टरच्या मागच्या खोलीत वारले. मग त्यांच्या जागी मी चिकटलो, घरही तेच राहिलं.
त्याच खोलीतून ही वाळलेले कपडे घेऊन बाहेर आली. म्हणाली, की अहो, मीच खोकले. मला धीर द्यायला काहीबाही सांगते बिचारी.
बाबांना मनातच म्हटलं, थोडं थांबा. धूर बंद करतो, मग तुम्ही सुटाल.

१९ जानेवारी
सायकलनं ऑफिसला गेलो. फार दम लागला. उद्यापासून गाडी. अधिकारी वेळेवर पोचला तरच पर्यावरण वाचेल.

११ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन. ताईला आमच्याकडे डोंगरात पाठवा, हवा चांगली आहे, डॉक्टरही ओळखीचे आहेत, म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. हरित अधिकाऱ्याचीच बायको हवापालटाला गेली तर लोक काय म्हणतील? दिव्याखाली अंधार म्हणतील.
हिनं खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. मी म्हटलं, मार्चपर्यंत कळ काढ.

६ मार्च
वायर आली. प्लगही जहाजाला बसला. पण जहाजाला वीज दिली की बंदराच्या क्रेन बंद पडतात. वीज पुरतच नाही. फोरमन डोकं खाजवत बसला. शेवटी मार्ग मीच काढला : मोठा डिझेल जनरेटर आणायचा आणि त्याच्यावर जहाजाला वीज द्यायची.
फोरमननं विचारलं, की साहेब, म्हणजे धूर तेवढाच ना? त्याला शांतपणे समजावलं. धूर मोजायचं यंत्र धक्क्यावर आहे. जनरेटर धक्क्यावर नसेल. मग धक्क्यावर धूर किती? शून्य. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. भारावला असावा.
लांबची मोकळी जागा एकच सापडली, आमच्या क्वार्टरच्या मागे. अगदी मागच्या खोलीच्या भिंतीला लागून. मी तत्काळ होकार दिला. सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी.

१४ मार्च
उद्घाटन! जहाजाचं इंजिन बंद झालं. यंत्राचा काटा झोपला. टाळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.
घरी आलो तर बाबा एकसारखे खोकत होते. आनंदानं असेल.

२ एप्रिल
बाबांचा खोकला थांबत नाही. ही हल्ली मागच्या खोलीतून फारशी बाहेर येत नाही. अर्धी पोळी खाते.
मला भीती वाटते. बाबांचं शेवटी शेवटी असंच झालं होतं. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. आज मी हिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ सारखी थरथरत होती. जनरेटरमुळे असणार, भिंतसुद्धा थरथरते.

९ एप्रिल
मेहुणा न कळवता गाडी घेऊन आला. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. ही म्हणाली, की तुम्हीही चला. मी म्हटलं, जूनमध्ये धूरमुक्त बंदराच्या बक्षिसाची समिती येणार आहे, कसं शक्य आहे? गाडीत बसता बसता म्हणाली, की खिडकी तेवढी लावून घ्या.
लावली.

१६ एप्रिल
मागची खोली आठवडाभर शांत. बाबा सुटले! योजना सफल.
संध्याकाळी मेहुण्याचा फोन. ताईचा खोकला निम्म्यावर आलाय, काल पोटभर जेवली, म्हणाला. मी फोन ठेवून मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. हिची चादर तशीच होती, उशीपाशी काळसर. बाबांना हळूच हाक मारली. कुणी ओ दिली नाही.
बाबांचा सुनेवर फार जीव होता. तिच्या मागोमाग तेही गेले असतील. तिथली हवा चांगली आहे, म्हणून त्यांचाही खोकला कमी झाला असेल. दुसरं काय असणार?

३ जून
बक्षीस मिळालं. ढाल चांगली जड आहे. आमचे मोठे साहेब म्हणाले, की पुढच्या वर्षी तुमच्या घरामागे आणखी दोन जनरेटर बसवू.
ढाल ठेवायला मागच्या खोलीत गेलो आणि बाबा खोकले. तीनदा, मग घसा खाकरून एकदा. तिथूनच हिला फोन लावला. म्हटलं, बाबा परत आलेत, ऐक, आत्ताही खोकतायत.
तिनं ऐकलं. मग म्हणाली, की अहो, हे तुम्हीच खोकताय.
खिडकी लावायला गेलो. ती लावलेलीच होती.