हॉल अभ्यासासाठी बंद आहे

२ जून
आजपासून मी सांस्कृतिक नियोजन अधिकारी. कालपर्यंत जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसून दाखले देत होतो. गुणांची कदर उशिरा होते, पण होते.

नेमणूक तात्पुरती आहे. गावाचा सांस्कृतिक आराखडा करायचा, पालिकेच्या सभेनं तो मंजूर केला की विभाग कायम आणि मीही कायम. साहेबांनी एवढं सांगितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. विभागात सध्या मी एकटाच. ऑफिस म्हणून पालिकेच्या हॉलमागची मेकअपची खोली मिळाली आहे. टेबलासमोर मोठा आरसा, भोवती बल्ब. लिहिताना मान वर केली की मीच दिसतो. एकाग्रतेला बरं.

संकल्प : रोज पहाटे उठून कलेवर वाचन. चहा कमी. कलाकारांशी बरोबरीनं वागायचं, त्यांना कमीपणा वाटू द्यायचा नाही.

४ जून
पहाटे जाग आली नाही. शरीराला थोडा वेळ द्यावा लागतो.

हॉल वापरणाऱ्यांना भेटलो. संध्याकाळी नाचाच्या बाईंचा क्लास असतो. त्यावरच त्यांचं घर चालतं. आमची लेकही तिथंच शिकते. क्लास सुटला की नाटकवाल्यांची तालीम. त्यांचा म्होरक्या दिवसा चष्म्याचं दुकान चालवतो.

मी दोघांना सांगितलं की आपण क्लास आणि मंडळ नाही, आपण क्रिएटिव्ह उद्योग आहात. बाईंनी विचारलं की स्टेजची तुटकी फळी कधी बदलणार, मुलींचे पाय अडकतात. चष्मेवाला म्हणाला, दिव्यांचंही बघा, निम्मे लागतच नाहीत. फळी हा धोरणाचा विषय नव्हे, हे समजावता समजावता माझा घसा बसला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा फळीवर आल्या. चष्मे विकतात, पण दृष्टी नाही! (हे वाक्य भाषणात घ्यायचं.)

९ जून
सल्लामसलतीची मीटिंग घेतली. संध्याकाळी ठेवली, कारण त्या वेळी सगळे हॉलमध्येच असतात. क्लास अर्थातच रद्द करावा लागला. बाईंनी तोंड वाकडं केलं. यांच्याच भल्यासाठी बोलवायचं आणि वर यांचीच तोंडं बघायची!

रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकानं गावाच्या सांस्कृतिक भविष्याबद्दल एकेक स्वप्न लिहून भिंतीवर चिकटवायचं. मोठ्या शहरात असंच करतात. चष्मेवाल्यानं आपल्या वाटच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर 'फळी' लिहिलं. बाईंनी 'संडासाची कडी' लिहिलं. आमच्या लेकीनं मांजर काढलं. त्यातल्या त्यात व्हिजन तिच्याकडेच आहे, ते माझ्याकडून आलं असणार.

घरी ही म्हणाली की एवढा वेळ बडबड केलीत, तेवढ्यात एक सुतार येऊन फळी ठोकून गेला असता. हिला प्लॅनिंग म्हणजे सुतारकाम वाटतं. असो.

१४ जून
साहेबांनी आराखड्याचं काय झालं म्हणून विचारलं. मी भूमिका मांडायला लागलो, तर म्हणाले की गप्पा नकोत, डेटा द्या. हॉल किती वापरात आहे, ते पुराव्यानिशी लिहा. खरं तर चांगली सूचना आहे. मला ती आधीच सुचली होती.

वाचन सुरू केलं नाही. दुसऱ्यांचे विचार डोक्यात गेले की स्वतःचे बिघडतात, अशी भीती वाटते.

१७ जून
रात्रभर विचार केला. लोकांना विचारून काही कळत नाही, ते आपलं फळी फळी करत बसतात. अभ्यास निरीक्षणानं करायचा. मात्र हॉलमध्ये क्लास नि तालीम चालू राहिली तर निरीक्षण कशाचं करणार? नुसता गोंधळ. म्हणून काही आठवडे हॉल बंद ठेवायचा, मी आत बसायचं, आणि हॉलचं मूळ स्वरूप तटस्थपणे न्याहाळायचं. साहेबांनी न वाचता सही केली. माझ्यावरचा विश्वास!

दारावर पाटी लावली : हॉल अभ्यासासाठी बंद आहे.

१९ जून
अभ्यास सुरू. मधल्या रांगेत खुर्ची टाकून बसलो. शांतता. कोणी फिरकलं नाही. तशी नोंद केली.

संध्याकाळी दारावर जोरजोरात थापा. बाई आणि मुली. बाहेर जाऊन सांगितलं की अभ्यास चालू आहे, आवाज करू नका. बाई म्हणाल्या की क्लास बुडाला तर मुली सोडून जातील, मग मी काय करू? मी म्हटलं, थोडा त्रास सोसा, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भारावल्या असाव्यात.

२४ जून
निरीक्षण चालूच. आजही कोणी नाही. मन खिन्न झालं. इतका सुंदर हॉल आणि गावाला त्याची पर्वाच नाही!

चष्मेवाल्यानं समोरच्या सायकलींच्या गोदामात जागा मिळवली म्हणे. बाईंच्या निम्म्या मुली गळाल्या. उरलेल्या तिकडे नाचतात, क्लास सुटला की तिथंच नाटकवाले ओरडतात. सगळा आवाज इकडे येतो, अभ्यासात व्यत्यय. निरोप पाठवला की आवाज कमी करा. तालीम तशीच चालू. संस्कृतीच्या नावानं बोंब मारतात आणि साधी शिस्त नाही.

लेक माझ्याशी बोलत नाही. वयाचा परिणाम.

१ जुलै
आज हिनं अकलेचे तारे तोडले. म्हणे, डॉक्टरनं पेशंटचं नाक दाबून धरावं आणि श्वास चालत नाही असं लिहावं, तसलं काम करताय तुम्ही. मी शांतपणे सांगितलं की रिसर्चची पद्धत तुला कळायची नाही. मग हिनं ताट आपटलं. त्यातही मला काही वावगं वाटलं नाही, मोठ्या कामाला घरून विरोध होतोच.

बाई ऑफिसात आल्या होत्या. हॉल परत कधी मिळणार, एवढंच विचारत होत्या. गोदाम काही कायमचं मिळायचं नाही, मालकाचा माल आला की निघावं लागेल, मग क्लास बंदच. मी त्यांना आरशासमोर बसवलं, बल्ब लावले आणि आराखड्याचा दुसरा भाग समजावला : पुनरुज्जीवन. नवीन स्टेज, नवीन दिवे, कलाकारांसाठी ट्रेनिंग, सगळ्याच्या वर एक कायम अधिकारी. बाई म्हणाल्या की नवीन काही नको, होतं तेच द्या. ही अशी माणसं! यांना वर काढायचं तर कुठं धरून काढायचं?

८ जुलै
आराखडा पूर्ण. निष्कर्ष स्पष्ट आहे : अभ्यासाच्या काळात एकही कलाकार किंवा रसिक हॉलमध्ये आला नाही. गावात कलेची आस्था उरलेली नाही. हे लिहिताना गलबलून आलं. लगेच खाली दुसरा भाग जोडला, पुनरुज्जीवनाचा.

साहेबांनी पहिला भाग तिथंच उभ्या उभ्या वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, असं काम या ऑफिसात कोणी केलेलं नाही. गेली कित्येक वर्षं साहेबांनी कोणाला बरं म्हटलेलं ऐकिवात नाही. हिला सांगितलं. ही कपडे वाळत घालत राहिली.

१५ जुलै
सभा झाली. आराखडा एकमतानं मंजूर!

१५ जुलै, संध्याकाळ
पहिला भाग मंजूर झाला. दुसऱ्या भागापर्यंत सभा पोहोचलीच नाही, सदस्यांना जेवायला जायचं होतं. ज्या गावात हॉलमध्ये कोणी फिरकत नाही तिथं हॉल कशाला, असं ठरलं. पालिकेचं मोडकंतोडकं फर्निचर त्यात ठेवणार. आणि ज्या गावात कलेची आस्थाच नाही तिथं सांस्कृतिक विभाग तरी कशाला? विभाग बंद. दोन्हीकडे आधार म्हणून माझ्याच आराखड्याचा दाखला दिला आहे. शब्द न् शब्द माझा. लेखन परिणामकारक आहे, हे कोणीही मान्य करील.

जन्म-मृत्यूच्या खिडकीत आता दुसरा माणूस बसतो. मला हॉलमधल्या सामानाची जबाबदारी दिली आहे. साहेब म्हणाले, तिथं बसायची तुम्हाला सवय आहेच.

१८ जुलै
एका अर्थानं हे बरंच झालं. आतून बदल घडवता येतो. संकल्प : हळूहळू फर्निचर कोपऱ्यात सरकवायचं, मध्ये जागा करायची, आणि एक दिवस बाईंना मानानं बोलवायचं. बाई माझे पाय धरतील. धरू देणार नाही.

२३ जुलै
आज टेबलं आली. कोपरे भरले. मध्यही भरला. संकल्प पुढच्या महिन्यावर.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
दुपारी चष्मेवाला साहेबांची चिठ्ठी घेऊन आला. गोदामात नाच आणि नाटक एकाच दिवशी ठेवलंय, बसायला खुर्च्या हव्यात, परत आणून देऊ म्हणे. मोडक्या असतील तरी चालतील, ठोकून घेऊ. साहेबांची सही बघून मला द्याव्याच लागल्या. नाटकवाले आणि मुलींचे बाप येऊन एकेक खुर्ची उचलून घेऊन गेले. फळ्या ठोकून गोदामात स्टेजही केलाय म्हणतात, मी काही बघायला गेलो नाही. शेवटी एक खुर्ची कमी पडली, तेव्हा चष्मेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी उठलो. उभ्यानंच लिहितोय.

साहेब प्रमुख पाहुणे आहेत. माइकवरून त्यांचं भाषण इथपर्यंत आलं. कोणत्याही विभागाच्या मदतीशिवाय या गावानं कला जिवंत ठेवली, याचा त्यांना अभिमान वाटतो म्हणे. मग बाई दोनच वाक्यं बोलल्या. गोदाम रिकामं करायचंय, आज क्लासचा शेवटचा कार्यक्रम. पुढच्या आठवड्यात त्या भावाकडे, दुसऱ्या गावी जाणार आहेत. मग पहिलं गाणं लागलं.

ही नटूनथटून गेली. लेकही सकाळपासूनच तिकडे. मला कोणी चल म्हटलं नाही, नको म्हणूनही नाही. हॉलला कुलूप लावून रस्त्यापर्यंत गेलो. दारात गर्दी होती, सगळ्यांची पाठ माझ्याकडे. पुढं सरका म्हणालो, कोणी सरकलं नाही. परत आलो. आता गाणी बदलतायत आणि मध्ये मध्ये टाळ्या पडतायत. त्यातल्या आमच्या लेकीच्या नाचाच्या कुठल्या, ते इथून कळत नाही.