मुठीची दुर्बीण

तालिब,

सलाम. मी धडधाकट आहे, वेळेवर जेवते. अम्मीला एवढंच वाचून दाखव, पुढचं नको.

अब्बांना माती देऊन दोन दिवस झाल्यावर तू फोन करतोस आणि म्हणतोस, "आपा, तुझं निरीक्षण चाललं व्हतं. अब्बाच बोलले, ती दुर्बिणीला डोळा लावून बसली असंल, तिला उठवू नको." पाच दिवस ते दवाखान्यात होते रं. जर्मनीहून मी एका दिवसात पोचले असते.

आता नीट वाच. आम्ही अभ्यासतो ते आकाशातले क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून आमची दुर्बीण उपग्रहावर असते. दीर्घिकांच्या समूहातल्या तापलेल्या वायूकडे ती आपली आपण बघते. आकडे आमच्या हातात काही आठवड्यांनी पडतात. ते पाच दिवस मी रिकामी होते. घरात पडदे धूत होते.

अम्मीला साधा ताप आला तरी त्याच घटकेला मला फोन करायचा.

दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागत नाही, हे मी घरी कधीच सांगितलं नव्हतं. शिळफाट्यावर भेटेल त्याला अब्बा एक डोळा मिटून, मुठीची दुर्बीण करून दाखवायचे, "आमची झिनत अशी बसते." मला ते बघायला आवडायचं.

तुझी आपा,
झिनत