लांबलेला शनिवार

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शेळगी, सोलापूर
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धलिंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मोबाईलवर लिहिलं तर अप्पा शेजारच्या काशम्माकडून वाचून घेतात, बोललं तर भिंतीआडून ऐकतात. साखरेनं त्यांचे डोळे नेले, कान मात्र तसेच ठेवले.

डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरच्या पुढचं काही ठरवू नका. मूत्रपिंडं दमलीत. यंत्रावर रक्त धुवून घ्यायला अप्पांनी साफ नकार दिला. तिथं म्हणे दहाचा नंबर साडेअकराला लागतो. गिरणीचा टाइमकीपर मरायलासुद्धा वेळेवरच जाणार.

भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना दिसत नाही, म्हणून तुझ्या कॉलेजच्या वेळच्या संगणकावर घड्याळ आणि कॅलेंडर लावलं. पडद्यावर उजवं बटण दाबून यादी उघडली. आधी हवामान आलं, मग शेअरबाजार आला, तिसऱ्या खेपेला घड्याळ सापडलं. आकडे पेरूएवढे केलेत. अप्पा नाक लावून बसतात. परवा हुकूम सुटला, की सिद्धूच्या गावचं एक वेगळं घड्याळ लाव. मी म्हटलं, पुण्यात आणि सोलापुरात वेळ एकच असते. तर म्हणाले, न्हाय, त्येचं येगळं हाय, त्येला कुटं येळ असतो. तेव्हा आता पडद्यावर दोन घड्याळं आहेत. खाली नावं वेगळी, वर काटे तेच.

सोळा तारखेला येतो म्हणालास. ते रोज सोळावर बोट ठेवून विचारतात. आईच्या मातीला तू अर्धा तास उशिरा पोचलास, अप्पा थांबले नाहीत, आणि तू चार वर्षं उंबरा शिवला नाहीस. दोघंही बरोबर होतात, हेच तर दुखणं. आता ये.

लोभ आहेच, तुझ्याकडे वेळ असावा ही विनंती.

तुझी,
महादेवीअक्का

—

हडपसर, पुणे
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सोळाला जमत नाही गं. त्याच रविवारी आमची नवी प्रणाली सुरू होतेय, रजा मिळाली नाही. दहा-बारा दिवसांनी नक्की येतो.

एक कर. संगणकाची नेटची वायर काढून ठेव, म्हणजे तो आपोआप तारीख दुरुस्त करणार नाही. खाली उजव्या कोपऱ्यातल्या वेळेवर दाबलंस की तारीख बदलता येते. रोज सकाळी अप्पा उठायच्या आत पंधरा करून ठेव. माझी सोळा आलीच नाही, तर मी आलो नाही असं होणार नाही.

खरं सांगू? रजा मी मागितलीच नाही. आईच्या मातीच्या दिवशी मोहोळपाशी बस अडकली होती. मी खिडकीतून रस्ता बघत होतो आणि मला ठाऊक होतं की अप्पा थांबणार नाहीत. ती खिडकी अजून डोळ्यांपुढून जात नाही. तोंड दाखवायला जरा धीर गोळा करतोय.

रागाव, पण एवढं कर.

तुझा,
सिद्धू

—

शेळगी, सोलापूर
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५ (अप्पांसाठी शनिवार, १५)

चि. सिद्धलिंग यास आशीर्वाद. वि. वि.

केलं बाबा. वर्गात खोटं बोललं म्हणून पोरांना बाकावर उभं करते, आणि घरी पहाटे उठून तारीख मागे ओढते. कुणाकडून वाचून घेतील म्हणून भिंतीवरचं कॅलेंडरही उतरवलं, उंदरानं खाल्लं म्हणून सांगितलं. काशम्माला शपथ घातली आहे.

सहा दिवस आमच्याकडे शनिवारच आहे. काल अप्पा म्हणाले, यंदाचा शनवार लई लांबला की गं. मी म्हटलं, थंडीत लांबतात. आठवीच्या पोरानंसुद्धा ऐकून घेतलं नसतं. ते घड्याळाकडे वळले.

पायांवर सूज आहे. जेवण दोन घासांवर आलंय. तारीख मी धरून ठेवीन रे. बाकीचं माझ्या हातात नाही. तुझा धीर गोळा होईतो इथं धरायला काही उरलं पाहिजे.

लोभ बाजूला ठेव, गाडी पकड.

अक्का

—

शेळगी, सोलापूर
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धलिंग यास आशीर्वाद.

गुरुवारी सकाळी अप्पा गेले तेव्हा तुला सात फोन केले. तू दिवसभर मीटिंगमध्ये होतास. रात्री आठला तुझा उलटा फोन आला तो काशम्मानं घेतला. तोवर माती होऊन गेली होती. मी पावणेसहापर्यंत कुणाला मूठ टाकू दिली नाही. पाच-वीसची गाडी येऊन गेली, स्टेशनवरून इथवरचा वेळही मोजला. विधी करणारे स्वामी म्हणाले, आता दिवस बुडतो. मग मी बाजूला झाले.

कीबोर्डखाली हा कागद सापडला. स्केचपेननं लिहिलाय, ओळी एकमेकींवर चढल्यात. तुझ्यासाठी उतरवून देते, मूळ कागद माझ्याकडे राहील.

‘सिद्धूस आशीर्वाद. आज कॅम्पुटरची पंधरा, माझी सव्वीस. पंधरापास्नं नळाला तीनदा पाणी आलं. चौथ्या दिवशी येतंय, ते कुणाच्या सांगण्यानं थांबत न्हाय. कॅलेंडर उंदरानं खाल्लं म्हणती महादेवी. उंदीर खिळ्यासकट खातो व्हय? तिला काय बोलू नको, पोर पहाटे उठती. तुझ्या आईच्या येळी मी थांबलो न्हाय. दुसरा भोंगा झाला की गेट लावायची सवय हाताला. ते गिरणीचं होतं, घरात आणायचं नव्हतं. आता मी पंधरावरच बसलोय. गेट उघडं हाय. तुला लेटमार्क न्हाय.’

काशम्मा सांगत होती, तू खूप रडलास आणि म्हणालास, आता कुठल्या तोंडानं येऊ, उशीर झाला.

आज पहाटेही मी उठले. कुणासाठी ते कळेना, पण संगणक लावला आणि तारीख मागे घेतली. दोन्ही घड्याळं चालू आहेत.

ये. आपल्या घरी अजून पंधराच तारीख आहे.

तुझी,
अक्का