मामाचा शब्द आणि तुमचा फोन

सर, परवा दुपारी तुमचे साडू गॅरेजवर आले होते. चहा पिता पिता त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली बशी तिरकी झाली, चहा पायावर सांडला, तरी चटका कळला नाही. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्याबद्दल जे माहीत आहे तेवढंच राहतं, त्यात भर पडत नाही, असा माझा समज होता. तुम्ही मात्र गेल्यावरसुद्धा मला बाकावर उभं केलंत.

तुमचे साडू म्हणजे ट्रॅक्टर एजन्सीचे मॅनेजर. आता ते निवृत्त आहेत. स्कूटर दुरुस्तीचं निमित्त काढून येतात, माझ्या खुर्चीवर बसतात, पेपर वाचतात आणि गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देतात. त्या दिवशी एक ओळखीचा माणूस पोराच्या नोकरीचं रडगाणं गात होता, तेव्हा मी माझं नेहमीचं सुरू केलं. आपण झरीसारख्या खेड्यातून आलो, मागं कोणी नव्हतं, एक मामा होता पण त्याचा शब्द कुठं चालला नाही, जे झालं ते आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आणि ह्या दोन कानांवर. परभणीत निम्म्या लोकांना हे पाठ आहे. तुमचे साडू हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत.

"मिस्त्री, हे भाषण मी लय वर्षांपासून ऐकायलोय," ते म्हणाले. "आता माझं काही खरं नाही, म्हणून दुरुस्त करून टाकतो. तुझ्या मामाचा शब्द चालला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुला घेतलं होतं बाबा. मालकाला विचारलं, मालक हो म्हणले. आन् सकाळी तुझ्या मास्तरचा फोन आला, त्या पोराला घेऊ नको म्हणून."

"कोणत्या मास्तरचा?"

"माझ्या साडूचा! दुसरा कोणता मास्तर होता तुला?"

सर, मी खाली बसलो. टायरवर बसलो की जमिनीवर, ते आठवत नाही. प्रवेशाच्या दिवसांत कोणी पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आला की ती त्याच्याच हातात परत देत तुम्ही म्हणायचात, "हात पुसून घ्या याला, दाराला ग्रीस लागलंय." तुम्ही स्वतःच्या पुतण्याला प्रॅक्टिकलमध्ये नापास केलं होतं, ती गोष्ट प्रत्येक बॅचला कळायची. त्या तुम्ही प्राचार्यांच्या खोलीत जाऊन, स्वतःच्या साडूला, स्वतःची ओळख वापरून फोन केलात. आणि तो केलात कशासाठी, तर मला नोकरी मिळू नये म्हणून!

तो दिवस मला अजून दिसतो. आदल्या दिवशी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मीच तुम्हाला फुशारकीनं सांगितलं होतं, सर, उद्यापासून येणार नाही, मामानं एजन्सीत लावलंय. तुम्ही विचारलंत, कोणत्या. मी सांगितलं. तुम्ही चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणालात, "बरं." एवढंच. मला वाटलं सरांना वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. सकाळी मामा ताडकळसहून पहिल्या गाडीनं आला. परीटघडीचं धोतर, नवी टोपी, आणि ओल्या फडक्यात बांधलेला हुरडा, साहेबांच्या लेकरांसाठी. भावकीत पहिलं ट्रॅक्टर मामानं घेतलं होतं, त्याच एजन्सीतून, म्हणून मालक आपल्या वळखीचा हाय असं तो बसस्टँडपासून एजन्सीपर्यंत सांगत आला. आम्ही केबिनच्या बाहेर बाकावर बसलो. मध्ये फळीचं पार्टिशन. माझे कान तेव्हाही असेच. आत फोन वाजला आणि मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "ठीकाय, तुमच्या शब्दाबाहेर नाही मी."

मग ते बाहेर आले. "जागा भरली, पाव्हणं."

"काल तर व्हती म्हणले," मामा म्हणाला.

"काल होती."

मामा उठला. मॅनेजर हुरड्याचं फडकं परत द्यायला लागले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. लेकरं खातील."

बसस्टँडवर मी मामाला माझ्या तल्लख कानाचा पुरावा दिला. म्हटलं, मामा, आतमध्ये कुणाचा तरी फोन आला होता, मोठ्या माणसाचा असंल, त्याचं पोरगं घेतलं. मामा माझ्याकडं बघत म्हणाला, "आसंल बाबा. आपला शबूद कुठवर जानार?" त्यानंतर मामानं कुणासाठी शब्द टाकला नाही. गावात कुणी म्हणालं, अप्पा, एजन्सीत तुमची वळख हाय, जरा सांगा की, तर तो म्हणायचा, "माझं कोन ऐकतंय?" माझ्या बहिणीची सोयरीक जुळवायला पहिला मान मामाचा, पण बैठकीत तो कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, दुसरं कुणीतरी बोला, माझ्या तोंडाला यश न्हाई. आम्ही त्याला नम्रपणा समजलो. तो तसाच गेला, सर. आणि मी पुढची सगळी वर्षं चारचौघांत सांगत राहिलो की माझ्या मामाचा शब्द चालला नाही.

मी खाली मान घालून वर्कशॉपमध्ये परत आलो तेव्हा तुम्ही, का आलास, असं विचारलं नाहीत. "बस. टॅपेट उघड," म्हणालात. तुमचं ते न विचारणं मी आयुष्यभर जपलं. गॅरेजच्या पोरांना सांगितलं की मोठा माणूस कसा असतो, तर खाली पडलेल्याला कारण विचारत नाही. आता कळतंय, तुम्हाला कारण माहीत होतं म्हणून तुम्ही विचारलं नाही!

परवापासून मी तुमच्याशी भांडतोय आणि भांडता भांडता दर वेळी त्याच टॅपेटवर येऊन थांबतोय. मी तेव्हा लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि कोणत्या झडपेवरचा टॅपेट टकटक करतो ते पटकन सांगायचो. त्या आठवड्यात मी डिझेल इंजिनाचे टॅपेट नुसत्या कानानं सेट केले. टकटक बंद, इंजिन मांजरासारखं. पोरं माझ्याकडं बघायला लागली. तुम्ही इंजिन थंड होऊ दिलंत, खिशातून फट मोजायचं फीलर गेज काढलंत आणि त्याचं पातळ पातं टॅपेटच्या फटीत घालायला मला दिलंत. ते जाईना. फटच उरली नव्हती. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आवाज गेला म्हणून खूश झालास? ढिला टॅपेट ओरडतो तरी. घट्ट टॅपेट ओरडत नाही, झडप बसू देत नाही आणि ती गुपचूप जळत जाते. तिथं तुझा कान काय कामाचा? कान सांगतो कुठं दुखतंय. का दुखतंय त्याला पुस्तक लागतं." मला इतका राग आला होता की त्या रात्री मी पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं. पास झालो त्या दिवशी तेच फीलर गेज तुम्ही माझ्या हातात ठेवलंत. ते अजून माझ्या खिशात असतं.

तुमचे साडू म्हणाले, फोनवर तुम्ही त्यांना एकच विचारलं होतं. एजन्सीत दोन जातीचे कामगार असायचे. ज्याच्याकडं सर्टिफिकेट त्याला पेटी, म्हणजे स्वतःच्या हत्यारांची लोखंडी पेटी, नाव घालून. जो ओळखीनं आला तो ट्रॅक्टर धुण्यावर. धुण्यावर आलेला केस पांढरे झाले तरी पाण्याचा पाइप धरून उभा असायचा. तुम्ही विचारलंत, "पेटी देशील का त्याला? नाही ना? मग नाही म्हण." पुढं मी सर्टिफिकेट घेऊन एकटाच त्याच एजन्सीत गेलो आणि याच मॅनेजरांनी मला पेटी दिली, तेव्हा मी छाती काढून बाहेर आलो होतो. मामाच्या ओळखीवर गेलो असतो तर आज कुणाचं तरी ट्रॅक्टर धूत असतो, हे मला कळतं सर. तुमचं चुकलं असं मला म्हणताच येत नाही, आणि राग तर त्याचाच येतो.

कारण जळलं ते मामाचं. आवाज न करता.

काल मी ताडकळसला गेलो. मामी ओट्यावर बसून हरभरा सोलत होती. तिला सगळं सांगितलं. ती सोलायची थांबली नाही. तशीच म्हणाली, "मंग त्येंचा शबूद चालला व्हता म्हन की."

"चालला होता, मामी."

"ते आसताना कुनी सांगायचं न्हाई व्हय रं?" आणि मग घरात मामाच्या फोटोकडं हात करून, "जरा मोठ्यानं सांग. तिकडं तोंड करून. त्येंला कमी ऐकू यायचं." ती हसायला लागली आणि पदर तोंडाला लावला. मी मोठ्यानं सांगितलं, सर. शेजारची बाई बाहेर येऊन बघायला लागली इतक्या मोठ्यानं.

आता हे सगळं मी तुम्हाला का लिहितोय ते ऐका. माझ्या बहिणीची मुलगी इथं ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करते. दुसरं वर्ष. थिअरीला कंटाळलीय. कारच्या एका शोरूममध्ये काउंटरवर मुलगी पाहिजे आहे आणि तिथला मॅनेजर माझं जुनं गिऱ्हाईक. बहीण पंधरा दिवस मागं लागलीय, दादा, तुझा एक फोन. भाचीही गॅरेजवर यायची. "मामा, पुस्तकातलं इंजिन वाचून बेजार झाले मी. तिथं एसी हाय, युनिफॉर्म हाय. कॉलेज काय, नंतर बाहेरून करता येतंय." मला ते काउंटर माहीत आहे. तिथल्या मुली चहा विचारतात, कार्ड भरतात, गाडीची किल्ली आत पाठवतात. बॉनेट उघडायची वेळ त्यांच्यावर येत नाही. तेही धुणंच आहे, फक्त पाण्याचं नाही. ह्या पोरीनं सहावीत असताना माझ्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर खोलून परत जोडला होता आणि एक स्क्रूसुद्धा उरला नव्हता. तरी मी हो म्हणायच्या बेतात होतो. आपल्या शब्दाला वजन आहे हे बहिणीला दाखवायला कुणाला आवडत नाही?

काल संध्याकाळी ताडकळसहून परत आलो तर भाची गॅरेजवर वाट बघत उभी होती. तेवढ्यात शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बोला मिस्त्री, पाठवायलाव का पोरीला?"

"नाही," मी म्हणालो. "डिप्लोमा झाल्यावर तिची ती येईल. तेव्हा वर्कशॉपमध्ये घ्यायची तर घ्या, काउंटरवर नको."

भाचीचा चेहरा पांढरा पडला. "मामा, तुमी माझे मामा हाव का दुष्मन?"

"राग आला तर माझ्यावर कर," मी म्हणालो. "कुणी मोडता घातला ते शोधत बसू नको. मी घातला. तुझ्या आईचा शब्द कमी पडला असंही समजू नको."

"मग मी दुसऱ्या कुणाला सांगते. परभणीत तुमी एकटेच मिस्त्री न्हाईत."

"सांग. पण आज घरी जाऊन विचार कर."

ती गेली. रात्री बहिणीचा फोन आला. लोकं परक्यांच्या लेकरांना लावून देतात, तू आपल्याच लेकराच्या पायात पाय घालायलास, म्हणाली, आणि ठेवून दिला. असं आहे सर. तुम्ही पार्टिशनच्या पलीकडून केलंत, तुम्हाला माझी शिवी ऐकावी लागली नाही. मी समोर उभा राहून केलं, तर रात्रभर डोळा लागला नाही. आणि एक गोष्ट मला मान्य करावी लागते. तुम्ही मला तोंडावर नको म्हणाला असतात तर मी तुमचं ऐकलं नसतं, मामाचा हात धरून एजन्सीत शिरलो असतो. भाचीनं तेच केलं तर मी काय करणार आहे?

आज सकाळी शटर उघडून बसलो होतो. कॉलेजला जायचं तर तिला माझ्या दारावरून जावं लागतं, शोरूमचा रस्ता वेगळा. तिच्या स्कूटीचा पट्टा घासतो, मला चौकातून ओळखू येतो. नेहमीची वेळ टळली. समोरच्या पानवाल्याशी मी बोलत होतो, पण तो काय म्हणाला ते विचारू नका. मग पट्टा ऐकू आला. स्कूटी दारावरून गेली, कॉलेजच्या दिशेनं. रोज हॉर्न देते, आज दिला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. आजचं तरी झालं. उद्याचं उद्या कान लावून ऐकीन.

हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे ते मला माहीत नाही. तुमच्या फीलर गेजच्या डबीखाली घडी घालून ठेवतो. ठेवायच्या आधी एक राहिलं. काल मॅनेजरचा फोन आला असं मी वर लिहिलं, पण तो आपणहून आला नव्हता. ताडकळसहून येताना, मामीच्या घरातून नुकताच उठलेलो असताना, रस्त्यात गाडी बाजूला घेऊन मीच त्याला लावला होता. काय म्हणायचं ते तोंडात तयार होतं: जागा भरली असं सांगा तिला, माझं नाव येऊ देऊ नका. रिंग पूर्ण गेली, त्यानं उचलला नाही. नंतर त्यानं उलटा केला तेव्हा भाची समोर उभी होती, म्हणून मी खरं बोललो.

तिला हे अजून सांगितलेलं नाही.