कुशाबाची पणती आणि रेवसची लाँच

चिंचपोकळी, शनिवार

तीर्थरूप मालनआत्या,

भाचा शिवा इथूनच पाया पडतो. गुडघा कसा आहे? तेल लाव. (तुझी भाची अक्षता म्हणते डॉक्टरला दाखव. दोन्ही कर.) फोनवर तू मधेमधे ओरडतेस, म्हणून पत्र लिहितोय. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो.

कारण आनंदीबाई. सत्तरी उलटलेल्या, पायात पांढरे बूट, मॉरिशसहून एकट्या आल्यात, बोली मात्र अजून आपलीच. त्यांचे पणजोबा कुशाबा इंग्रजांच्या काळात उसाच्या मळ्यात राबायला बोटीने गेले ते तिकडचेच झाले. बाईंकडे फक्त त्यांचं नाव आणि आपल्या गावाचं नाव. तेवढ्यावर त्या लालबागला आपल्या गाववाल्यांच्या खोलीवर पोचल्या. तिथे मी रिकामा दिसलो, म्हणून सगळ्यांनी त्यांना माझ्यावर सोपवलं. (रिकामा नव्हतो, कॅरम चालू होता.)

बोट कुठून सुटली ते मला काय ठाऊक, म्हणून भाऊच्या धक्क्यावर नेलं. मी इतिहास सांगत होतो (बराचसा माझाच), बोलता बोलता रांगेबरोबर सरकलो, आणि धक्का लांब जायला लागला तेव्हा कळलं की आपण रेवसच्या लाँचमध्ये आहोत. दुसरं कोणी असतं तर मला पाण्यात ढकललं असतं. बाई पोट धरून हसल्या, म्हणाल्या, आमचा कुशाबापण असाच चढला असेल. आत्या, अशी बाई मी पाहिली नाही.

पण गाववाल्यांनी दारं लावली. सगळ्यांना वाटलं, हिस्सा मागायला आली. तुझा भाऊ, आपले अण्णासुद्धा म्हणाले, सातबाऱ्यावर नाव चढवूक इली आसतली. बाई मात्र एवढंच विचारायच्या, की गुरुवारी विमान आहे, घर नाही सापडलं तर पणजोबाच्या नावाचं फूल ठेवू कुठे?

काल अक्षताला नोकरी लागली म्हणून घरी नारळ होता. बाईंना मी दाराशी बसवलं. देवापुढचं अण्णांचं गाऱ्हाणं तुला माहीतच आहे, एकदा सुटलं की मधे स्टेशन नाही. त्यांनी दम घेतला की आपण 'होय म्हाराजा' म्हणायचं, ऐकायची पद्धत नाही. चालता चालता आलं, "बोटीन गेलल्या आमच्या कुशाबाक सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा."

आम्ही सगळे, होय म्हाराजा.

बाई उठून उभ्या राहिल्या. "मी इलंय," म्हणाल्या. "वायच उशीर झालो."

अण्णांच्या हातात नारळ तसाच. जन्मभर मला कुशाबा म्हणजे वेशीवरचा कोणी राखणदार वाटायचा. अण्णांनाही तसंच वाटत असावं, आजोबांकडून पाठ केलेलं ते. मग ते बाईंच्या पाया पडले आणि आईला म्हणाले, पान वाढ.

तुझा,
शिवा

ता.क. मंगळवारी बाईंना घेऊन गावच्या घरी येतोय. घावणे कर. फूल तुळशीपाशी ठेवायचं आहे.

ता.क. अण्णा विचारतात, सातबारा वरच्या फळीवर ठेवशील ना? (नुसतं विचारतात.)

ता.क. बाई मला तिकडे बोलावतायत, त्यांच्या पुतण्याच्या गॅरेजात काम आहे. अण्णा फक्त तुझं ऐकतात. त्यांना सांग, गाऱ्हाण्यातली कुशाबाची जागा आता रिकामी आहे, तिथे माझं नाव घाला. फक्त या खेपेला देवाला जरा घाई करायला सांगा.